संस्थांची विक्री आणि खरेदीची वेळ : दलाल स्ट्रीटचा अनुभव

भारतीय शेअर बाजार सप्टेंबर १९९२ मध्ये विदेशी संस्थागत गुंतवणूकदारांसाठी खुला झाला. त्याआधी मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर बड्या संस्था म्हणजे युनिट ट्रस्ट, आयुर्विमा महामंडळ आणि सरकारी वित्तसंस्था. बदला पद्धतीत सौदे एका सेटलमेंटमधून पुढच्या सेटलमेंटमध्ये ओढले जात. त्यामुळे खरी विक्री किती आणि सट्ट्याची किती, हे सामान्य गुंतवणूकदाराला उमगत नसे. पडलेला शेअर कधी घ्यावा, हे बहुधा दलालाच्या सांगण्यावर ठरे.

२००१ मध्ये बदला बंद झाला. २००४ पासून कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक शेअरचे बल्क डील नावांनिशी त्याच दिवशी जाहीर होऊ लागले. तिमाही भागधारणेच्या तक्त्यात संस्थांचा घटलेला वाटा दिसू लागला. डिलिव्हरीच्या प्रमाणावरून किती शेअर खरोखर दुसऱ्याच्या खात्यात गेले, याचा अंदाज येऊ लागला.

या माहितीची कसोटी २००८ मध्ये लागली. त्या वर्षी विदेशी संस्थांनी ५० हजार कोटी रुपयांहून अधिक निव्वळ विक्री केली. सेन्सेक्स जानेवारीतील २१,००० वरून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात काही काळ ८,००० च्या खाली उतरला. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाल्यानंतर या संस्थांना मायदेशी रोकड हवी होती. म्हणून चांगल्या कंपन्यांचे शेअरही विकले गेले. तरी घाईने घेणाऱ्यांची परीक्षा पाहिली गेलीच : मार्च २००९ मध्ये निर्देशांक पुन्हा ८,२०० च्या आसपास आला. त्यानंतर विदेशी पैसा परतला आणि १८ मे रोजी, निवडणूक निकालानंतर, सेन्सेक्स एका दिवसात २,११० अंकांनी चढला.

त्याच काळात सत्यम कॉम्प्युटर या आयटी कंपनीचे प्रकरण घडले. ७ जानेवारी २००९ रोजी हिशेबातील घोटाळ्याची कबुली येताच सुमारे १७९ रुपयांचा शेअर ४० रुपयांवर आला. तो स्वस्त समजून घेणाऱ्यांना ९ जानेवारीला ६ रुपये ३० पैशांचा भाव पाहावा लागला. इथे विक्रीचे कारण विकणाऱ्याची अडचण नव्हती, कंपनीचे पोकळ हिशेब होते.

विदेशी विक्रीची मोठी लाट पुन्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये आली : विदेशी गुंतवणूकदारांनी ९० हजार कोटींहून अधिक रुपयांचे शेअर विकले. देशी संस्थांनी जवळपास तेवढीच खरेदी केली. म्युच्युअल फंडांत महिन्याला येणारी २५ हजार कोटींची एसआयपी, म्हणजे ठरावीक हप्त्यांची गुंतवणूक, त्यांच्या पाठीशी होती. तरीही बाजाराची घसरण मार्च २०२५ पर्यंत लांबली.

या अनुभवांतून खरेदीच्या वेळेचे तीन निकष पुढे येतात. विक्री विकणाऱ्याच्या गरजेतून झाली की कंपनीच्या दोषातून, हे आधी तपासावे. दोष कंपनीत असेल, तर भाव कितीही पडला तरी खरेदीचा विचार नको. विक्री गरजेतून झाली असेल, तर तिचा जोर ओसरल्याची चिन्हे पाहावीत : वाईट बातमीवरही भाव नवा तळ गाठत नाही आणि डिलिव्हरीचे प्रमाण वाढते. तिसरे, नेमका तळ आधी कोणालाच कळत नसल्याने पैसा एकदम न गुंतवता टप्प्याटप्प्याने गुंतवावा.