गाडगेबाबांचा गजर

संत गाडगेबाबांचें नांव निघालें कीं आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढें झाडू उभा राहतो. त्यांत गैर कांहींच नाहीं. महाराष्ट्र शासनानें २०००-०१ सालापासून ग्रामस्वच्छतेचें अभियान चालविलें तें त्यांच्याच नांवानें; पुतळ्यांच्या हातीं झाडू असतो, आणि शाळांतील चित्रांत डोक्यावरचें खापर व अंगावरच्या चिंध्या यांच्या जोडीला तो हटकून काढलेला असतो. परंतु अमरावती-अकोल्याकडील ज्या वृद्ध माणसांनीं बाबांना प्रत्यक्ष पाहिलें होतें, त्यांच्या बैठकींत बसण्याचा योग आम्हांस लहानपणीं पुष्कळदां आला, आणि एक गोष्ट तेव्हांपासून आमच्या मनांत घर करून राहिली आहे. हीं माणसें झाडूचें वर्णन दोन वाक्यांत आटपीत. मग कोणी मांडीवर हाताचा ठेका धरी, कोणी डोळे मिटी, आणि बाबांनीं काय सांगितलें तें सांगण्याचें सोडून सगळीं मिळून 'देवकीनंदन गोपाला' हा बाबांचा गजर म्हणूं लागत. त्यांच्या स्मरणांतले बाबा आधीं ऐकूं येत आणि मग दिसत.

झाडूला चित्रकार मिळाले, मूर्तिकार मिळाले, सरकारी योजना मिळाली. गजराच्या वांट्याला फारसें कांहीं आलें नाहीं. १९७७ सालीं राजदत्त यांनीं बाबांवर चित्रपट काढला, डॉ. श्रीराम लागू यांनीं त्यांत बाबांची भूमिका केली, आणि चित्रपटाला नांव मिळालें तें या गजराचेंच; पण गजराचा गाणें म्हणून कोणी विचार केलेला आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. संगीताचे जाणकार त्याला भजनाचें पालुपद समजून सोडून देतात. समाजसुधारणेचे अभ्यासक त्याला कीर्तनांतील विश्रांतिस्थान समजतात. आमच्या मतें तें एक पुरतें गाणें आहे, आणि वऱ्हाडानें ज्या ज्या गाण्यांना आपलेंसें केलें त्यांत इतकें कसाला उतरलेलें दुसरें आम्हांस ठाऊक नाहीं.

प्रथम त्याची घडण पाहूं. नांवें अवघीं दोन, गोपाल आणि देवकीनंदन. दोन्ही जुनीं, भजनकरी मंडळींच्या तोंडीं पिढ्यान् पिढ्या रुळलेलीं. बाबांनीं त्यांत पदरचें कांहीं घातलें नाहीं. 'गोपाला' या हांकेंत तिन्ही अक्षरें गुरु आहेत. छंदःशास्त्रांत अशा गणाला म-गण म्हणतात. जोडाक्षर एकही नाहीं, आणि शेवटचीं दोन्ही अक्षरें आकारान्त, तोंड पुरतें उघडल्याशिवाय म्हणतांच येणार नाहींत अशीं. ज्याला गळा नाहीं, ज्याचे दांत पडले आहेत, जी बाई दिवसभर कापूस वेंचून वांकली आहे, त्यांनाही तो आकार लांबवितां येतो. मध्यें 'देवकीनंदन' येतें; त्यांतलीं लघु अक्षरें पायांत चाळ बांधल्यासारखीं धांवतात, आणि त्या धांवेच्या शेवटीं पुन्हां तें मोकळें मैदान लागतें. शिकविल्यावांचून येणारें आणि एकदां आलें कीं न विसरणारें असें हें गाणें आहे. समूहासाठीं म्हणून मुद्दाम लिहिलेल्या पुष्कळ गीतांना हें साधलेलें नाहीं. तीं म्हणावयाला आधीं गायकच लागतात.

गोपाल म्हणजे गाई राखणारा, हा अर्थ बाबांना पोथींत शोधावा लागला नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं परटाच्या घरीं जन्मलेला डेबू झिंगराजी जाणोरकर हा मुलगा, बाप दारूपायीं गेल्यावर, आईबरोबर आजोळीं आला. आजोळ अकोला जिल्ह्यांत, मूर्तिजापूर तालुक्यांतल्या दापुऱ्यास. तेथें त्यानें मामाचीं गुरें राखलीं, पुढें नांगर धरला, आणि भजनाचा नादही त्याला तेथेंच लागला.

तो काळ वऱ्हाडाला पैसा दाखविणारा आणि घर बुडविणारा होता. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेलेला. पुढें १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस अडकून पडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. युद्ध संपलें, भाव उतरले. सावकाराची वही मात्र गांवांत राहिली. डेबूच्या मामाची जमीन अशाच सावकारी व्यवहारांत गेली आणि मामा त्या धक्क्यांतून उठला नाहीं. अंगठा उठविणाऱ्याला कागदावर काय लिहिलें आहे तें कळत नाहीं, हें डेबूनें परक्याच्या घरीं पाहिलें नव्हतें. कर्ज काढूं नका आणि पोरांना शिकवा, या दोन गोष्टी बाबा पुढें जन्मभर एकाच श्वासांत सांगत आले. त्या दापुऱ्यास एका घरांत जोडल्या गेल्या होत्या.

१ फेब्रुवारी १९०५ रोजीं त्यांनीं घर सोडलें. त्यांच्या सेवेचा आरंभ ज्या स्थळीं झाला त्याचें नांव मोठें मार्मिक आहे. अमरावती जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या कांठीं ऋणमोचन म्हणून तीर्थ आहे; पौष महिन्यांतल्या रविवारीं तेथें यात्रा भरते. नदीवर उतरतांना यात्रेकरूंचे पाय घसरत ती वाट बाबांनीं आपल्या हातांनीं नीट केली. तीर्थाच्या नांवांतच ऋणांतून सुटका, आणि स्नानाला येणारा कुणबी तर मानेपर्यंत ऋणांत रुतलेला. पूर्णेंत बुडी मारून देवाचें ऋण फिटेल, सावकाराचें कसें फिटावें? बाबांचें कीर्तन या प्रश्नाशीं सुरू होतें असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्या कीर्तनाची तऱ्हा हरिदासी कीर्तनाहून अगदीं निराळी. पूर्वरंग नाहीं, उत्तररंग नाहीं. बाबा लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तर आल्यावांचून पुढें सरकत नसत. भाषा अस्सल वऱ्हाडी, 'मला'च्या जागीं 'मले' आणि 'देवाला'च्या जागीं 'देवाले' म्हणणारी. देव बोकड मागतो काय, कर्ज काढून लग्नाच्या पंगती उठविणारा शहाणा कीं खुळा, बाप दारू पितो त्या घरचीं लेंकरें काय खातात, माणसाला माणसाचा विटाळ कसा, असल्या गोष्टी ते एकामागून एक काढीत. लोक आधीं हंसत. मग उत्तर देतां देतां चांचरत. मग त्यांच्या ध्यानांत येई कीं आपण हंसलों तें आपल्यालाच, आणि माना खालीं जात. श्रोत्याला दोषी ठरविणाऱ्या वक्त्यापुढें श्रोता फार वेळ बसत नाहीं, हा सर्वांचा अनुभव आहे. नेमक्या त्याच क्षणीं बाबा गजर उचलीत.

ज्याची मान खालीं गेली आहे त्याला तोंड उघडावयास लावणें, हें त्या गजराचें काम होतें. आपल्या चुकीपाशीं एकटा पडलेला माणूस दुसऱ्या क्षणीं हजारांच्या बरोबर गाऊं लागे. आणि गजर पुरता रंगण्यापूर्वींच बाबांचा पुढला प्रश्न येई. नामघोषानें बुद्धि गुंगते असा एक जुना आक्षेप आहे, आणि तो पुष्कळ ठिकाणीं खराही आहे. पण गुंगी आणावयाची असती तर बाबांनीं गजर लांबविला असता. ते तो तोडीत. गात्या माणसाला मध्येंच थांबवून पुन्हां विचार करावयास बसविणें हें धाडस आम्हीं दुसऱ्या कोणा कीर्तनकारांत पाहिलेलें नाहीं.

आणखी एक गोष्ट त्या आवाजांत घडे. त्या काळच्या खेड्यांत पाणवठा वेगळा, पंगत वेगळी, देवळाची पायरी वेगळी. पण आवाजाला पायरी कोण घालणार? अगदीं कडेला बसलेल्या महाराचा 'गोपाला' पुढें बसलेल्या पाटलाच्या कानावरून जाऊन त्याच्याच 'गोपाला'त मिसळे, आणि एकदां मिसळल्यावर तो निवडून परत करण्याची सोय नव्हती. बाबांनीं अस्पृश्यतेविरुद्ध जें सांगितलें तें पाटलाला नाकारतां येत होतें. हें मात्र त्याच्याच तोंडून होऊन गेलेलें असे.

युरोपांत अनेक आवाजांच्या गाण्याची रचना आधीं कागदावर होते. स्त्रियांचे वरचे आवाज, पुरुषांचे खालचे आवाज, प्रत्येकाला आपला सूर वांटून दिलेला. आमच्याकडे तशी रीत नाहीं, आमचा समूह एका सुरांत गातो, अशी आपली समजूत आहे. पण हजार माणसें खरोखर एका सुरांत गातात कोठें? बायकापोरें वरच्या सप्तकांत असतात, म्हातारे खर्जांत. कोणी अर्धी मात्रा मागें राहतो, कोणाला सूर सांपडत नाहीं म्हणून तो आपलाच एक धरून बसतो. हें जवळून ऐकावें तर गोंधळ वाटतो. शेताच्या धुऱ्यावरून ऐकावें तर त्याच गोंधळाची एक भरीव, घुमणारी लाट होते. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांतही एकानें ओळ टाकावी आणि साऱ्या मंडळीनें ती उचलावी, अशी रीत आहे. गुलामगिरीच्या काळांत, पुष्कळशी कापसाच्या मळ्यांतच, ती वाढली. ज्या युद्धानें वऱ्हाडच्या कापसाला भाव आणला त्यानेंच त्या लोकांच्या बेड्या तुटल्या, हा योगायोग आम्हांस या गजराचा विचार करतांना नेहमीं आठवतो.

वऱ्हाडांतला दुसरा मोठा समूहस्वर तुकडोजी महाराजांचा. महाराज १९०९ सालीं अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें जन्मले; १९३५ सालीं त्यांनीं मोझरीस गुरुकुंज आश्रम काढला, आणि त्यांची खंजिरी व सामुदायिक प्रार्थना खेडोखेडीं पोंचली. महाराज कवि होते. त्यांचा समूह नेमानें बसणारा, पदें पाठ केलेला, शिस्तीचा. बाबांचा समूह त्या रात्रीपुरता जमलेला आणि पहांटे पांगणारा. यांत लहानमोठें ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु महाराजांचीं भजनें छापलीं गेलीं, त्यांचीं मंडळें झालीं, आणि तीं आजही गायलीं जातात. दोन नांवांच्या गजराचें पुस्तक कोण छापणार? बाबांनीं कोणाला शिष्य केलें नाहीं, म्हणून गजराला वारसही उरला नाहीं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनीं १९५२ सालीं त्यांचें चरित्र लिहिलें. परतवाड्यास १९१६ सालीं जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांना कोंवळ्या वयांत बाबांचा सहवास घडला आणि त्यांनींही बाबांवर लिहिलें. दोघेही लेखणीचे धनी. पण गजर कागदावर उतरवूं म्हटलें कीं दोन शब्द उरतात, बाकीचें सारें उडून जातें.

सुदैवानें एक कीर्तन यंत्रावर टिकून राहिलें आहे. तें ८ नोव्हेंबर १९५६ रोजीं मुंबईंत वांद्रे येथें पोलिसांपुढें झालें. बाबांचें वय तेव्हां ८० वर्षांचें. आवाजांत खरखर आहे. प्रश्न मात्र तसेच टोंकदार. त्यांत एके ठिकाणीं बाबा आंबेडकरांचा दाखला देतात: बापाला सुबुद्धि सुचली, पोराला शाळेंत घातलें, आणि त्या पोरानें देशाची घटना केली. दापुऱ्याचा अंगठा येथपर्यंत आला आहे हें ऐकतांना जाणवतें. पुढें बरोबर चार आठवड्यांनीं, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. २० डिसेंबरला अमरावतीकडे येत असतां वलगांवजवळ पेढी नदीच्या पुलापाशीं गाडगेबाबांनींही देह ठेवला. त्यांची समाधि अमरावतींत आहे. १९८३ सालीं स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठालाही पुढें त्यांचेंच नांव दिलें गेलें.

त्या मुद्रणांतले श्रोते वऱ्हाडी नाहींत, मुंबईचे पोलीस आणि त्यांचीं माणसें आहेत, ही त्यांतली उणीव आम्हांस आधीं खटकत असे. आतां तितकी खटकत नाहीं. दुरून आलेल्या माणसांनींही गजर तात्काळ उचलावा, यांतच त्याची परीक्षा झाली. वर्षांपूर्वीं आमच्या घरीं तें कीर्तन प्रथम लावलें तेव्हां आमची आजी पुढ्यांत ताट घेऊन तूर निवडीत होती. लहानपणीं तिनें मूर्तिजापुरास बाबांना ऐकलें होतें. प्रश्न चालू असतां ती हूं का चूं करीना. बाबांनीं गजर उचलला तशी तिनें ताट खालीं ठेवलें, पदर सांवरला, आणि मोठ्यानें साथ दिली. तिचा आकार अजून लांबतच होता, तोंच यंत्रांतले बाबा पुढच्या प्रश्नाकडे वळले. ती हंसली आणि म्हणाली, "तवाबी असेच तोडत."