वरपित्याचा शब्द : मराठी लग्नातील एका बोलण्याचा इतिहास

अलीकडच्या मराठी लग्नांत, विशेषतः शहरी कार्यालयांतील स्वागत समारंभात, मुलाचे वडील ध्वनिवर्धक हाती घेऊन मुलाविषयी, नव्या सुनेविषयी आणि व्याह्यांविषयी चार शब्द बोलतात, आणि ही पद्धत इंग्रजांकडून आली असावी असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. इंग्रजी लग्नातील भोजनसमारंभात बोलण्याचा परंपरागत मान मुलीच्या वडिलांना, खुद्द वराला आणि त्याच्या पाठराख्या मित्राला असतो. वराच्या वडिलांची तेथे ठरलेली पाळी नाही. याउलट मराठी लग्नाची सुरुवातच वरपित्याच्या शब्दाशिवाय होत नसे. मात्र तो शब्द कोणाला उद्देशून उच्चारायचा, किती उच्चारायचा आणि कोठे गप्प राहायचे, हे रूढीने बांधून दिलेले होते, आणि त्या बांधणीचा इतिहास मराठी कुटुंबाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

मुलीला मागणी घालण्याचे काम प्राचीन काळी वरपित्याकडेच होते असे दिसत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सूर्यासूक्तात सोम हा वर असून त्याच्यासाठी मागणी घालायला अश्विनीकुमार जातात आणि सविता आपली कन्या देतो. आपस्तंब गृह्यसूत्रातही वराने आपले मंत्र जाणणारे मित्र वधूच्या घरी पाठवावेत असे सांगितले आहे. पुढे विवाहाचे वय खाली घसरले, वर स्वतः अजाण बालक असू लागला आणि मित्रांची जागा वडिलांनी घेतली. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली पूर्ण केलेला ‘धर्मसिंधु’ आणि त्याच्या आगेमागे महाराष्ट्रात वापरात असलेल्या प्रयोगपोथ्या, म्हणजे विधी कसा करावा हे क्रमाने सांगणारी पुस्तके, यांच्या काळापर्यंत वरपिता हा या प्रसंगाचा मुख्य वक्ता झालेला होता.

हा प्रसंग म्हणजे वाग्दान, ज्याला बोलीत वाङ्‌निश्चय किंवा नुसता साखरपुडा म्हणतात, जरी साखरपुडा हा मुळात त्याला जोडून आलेला लौकिक भाग आहे. मुलाकडची मंडळी मुलीच्या घरी जातात. दोन्ही वडील समोरासमोर बसतात. गणपतिपूजन आणि वरुणपूजन झाल्यावर दोन्ही कुळांच्या गोत्राचा आणि पणजोबा, आजोबा व वडील अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो. मग मुलीचा बाप सुपाऱ्या, हळकुंडे आणि गंधाक्षता वरपित्याच्या उपरण्याच्या पदरात बांधतो आणि आपण ही कन्या वाचेने दिली आहे असे सांगतो; मात्र मुलगा निर्व्यंग, निर्दोष आणि जातीत पतित न झालेला असला तरच, ही अट तो त्याच वाक्यात घालून ठेवतो. त्यावर वरपित्याने द्यायचे उत्तर नेमलेले आहे. तुम्ही वाचेने दिलेली कन्या मी माझ्या मुलासाठी स्वीकारली आहे, असे तो म्हणतो आणि लगेच मुलीच्या बापाला सुखी राहण्याची शुभेच्छा देतो. या उत्तरात मुलाचे कौतुक नाही, आपल्या कुळाची थोरवी नाही. ज्याने आपली मुलगी देऊ केली त्या माणसाच्या मनाला धीर देणे एवढेच त्यात आहे, आणि वरपित्याच्या तोंडी परंपरेने घातलेल्या सगळ्या शब्दांत हेच सर्वांत सुंदर मानावे लागेल.

दुर्दैवाने याच बैठकीत दुसरेही बोलणे होई. संस्कृतातला स्वीकार आटोपला, किंबहुना तो होण्याच्या आधीच, मराठीत आणि मोडी लिपीत यादी लिहिली जाई. यादी म्हणजे हुंडा, करणी, मानपान, कोणाचे लुगडे, कोणाचे पागोटे, वऱ्हाड किती माणसांचे, याचा कागद. त्याला कुंकू लावून दोन्ही बाजूंनी सह्या करून तो एकमेकांना देत. पदरात बांधलेल्या सुपारीने दिलेला धीर या कागदाने अनेक घरांत काढून घेतला. १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याने यादीतील हुंड्याची ओळ बेकायदा ठरली, तरी ‘आमची काही अपेक्षा नाही, तुमच्या मुलीला काय द्यायचे ते द्या’ या गोड वाक्याने वरपित्यांची एक पिढी तोच व्यवहार चालवत राहिली, हे नोंदवल्याशिवाय हा इतिहास प्रामाणिक होणार नाही.

वडील हयात नसले तर हे सर्व काका, मामा किंवा घरातील वडीलधारा करी. सवाई माधवराव पेशव्यांचे १७८३ सालचे पुण्यातील लग्न हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. वराचा पिता नारायणराव दहा वर्षांपूर्वीच मारला गेलेला असल्याने लग्नाची सारी व्यवस्था वडीलधाऱ्याच्या नात्याने कारभारी नाना फडणविसांनी पाहिली.

लग्न लागल्यानंतर बोलण्याची दिशा उलटते. पाठवणीपूर्वी होणाऱ्या ऐरिणीदानात, ज्याला लोक झाल म्हणतात, वेळूच्या रोवळीत किंवा सुपात वाणाच्या वस्तू आणि पेटते दिवे ठेवून ती वरपक्षाच्या वडीलधाऱ्यांच्या मस्तकांना लावली जाते, आणि मग मुलीला वराच्या आईवडिलांच्या मांडीवर एकेकदा बसवून कन्यार्पण होते. त्या वेळी मुलीचा बाप म्हणतो की, ही आठ वर्षांची मुलगी मी मुलासारखी वाढवली, आता ती तुमच्या मुलाला दिली आहे, तिचे प्रेमाने पालन करा. आठ वर्षे हा आकडा अलंकार नव्हता. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे किमान वय चौदा ठरवीपर्यंत तो असंख्य घरांतला खरा आकडा होता. एवढ्या लहान मुलीला मांडीवर घेणाऱ्या सासऱ्याने त्या क्षणी काय बोलावे? प्रचलित विधीत त्याच्यासाठी उत्तर नेमलेले नाही. तो मुलीला मांडीवर घेतो आणि गप्प राहतो. हीच विनंती विहिणींच्या पंगतीत बायका गाऊन करीत. विहीण हे मुलीकडच्यांनी मुलाच्या आईला उद्देशून म्हणायचे गाणे, आणि त्यात लेकीचे चुकले तर पोटात घाला, तिला जड काम सांगू नका, असे आर्जव असे. मराठी लग्नातील खरी काकुळतीची भाषा अशी मुलीच्या पक्षाकडे, आणि त्यातही बायकांकडे राहिली. मुलाच्या पक्षाला ऐकण्याचा मान होता, उत्तर देण्याचे बंधन नव्हते.

वराकडच्या मायेला एक वाट मात्र मोकळी होती, ती मंगलाष्टकांची. अंतरपाट धरलेला असताना, मुहूर्ताची घटका भरेपर्यंत, बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात म्हटली जाणारी ही पद्ये भटजींपुरती कधीच मर्यादित राहिली नाहीत. छपाई स्वस्त झाल्यावर तर आत्या, मावशी, शाळामास्तर असलेले काका यांनी रचलेली, वधूवरांची आणि दोन्ही घराण्यांची नावे गुंफलेली मंगलाष्टके रंगीत कागदावर छापून मांडवात वाटली जाऊ लागली. वृत्त अनेकदा लंगडे असते, यमके ओढूनताणून आणलेली असतात, पण आजच्या लग्नातील भाषणाचा देशी पूर्वज शोधायचा तर तो या चिठोऱ्यांतच सापडतो. त्यांतील बहुतेक रद्दीत गेली, ही मोठी हानी आहे.

गद्य बोलणे मांडवात आणले ते एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी. जोतीराव फुले यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी पुरोहिताविना, अल्प खर्चात सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न लागले. फुल्यांनी त्यासाठी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वर ते देण्याचे वचन देतो. बापांनी आपसांत द्यायचा शब्द येथे प्रथमच मुलांच्या तोंडी आला. प्रार्थना समाजाच्या विवाहांत मराठी प्रार्थनेला आणि उपदेशाला स्थान मिळाले. याच सुमारास सार्वजनिक सभा आणि १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला यांमुळे उभे राहून मराठीत बोलण्याची एक रीत घडत होती, आणि नोंदणी विवाह किंवा राष्ट्र सेवा दलाच्या वळणाची साधी लग्ने पुढे होऊ लागली तेव्हा तीच रीत त्यांत उतरली. अध्यक्ष, दोन वक्ते, हारतुरे आणि शेवटी मुलाच्या वडिलांनी मानलेले आभार. १९५६ च्या धर्मांतरानंतर रूढ झालेल्या बौद्ध मंगलपरिणयातही त्रिशरण-पंचशीलानंतर वधूवरांच्या प्रतिज्ञा सर्वांना समजेल अशा मराठीत होतात.

गोव्यातील ख्रिस्ती लग्नांत पेला उंचावून वधूवरांचे शुभ चिंतण्याचा प्रघात पोर्तुगीज वळणाने आला, तर परदेशातील मराठी कुटुंबांत सून अनेकदा अमराठी असल्याने वरपित्याला दोन भाषांत बोलावे लागते. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र ध्वनिक्षेपकाचा उपयोग प्रामुख्याने पुढाऱ्यांचे शुभाशीर्वाद आणि मानकऱ्यांची नावे यांसाठी होतो. मुहूर्त टळून जातो, आणि मुलाचे वडील पाहुण्यांना फेटे बांधत, हात जोडत मांडवभर फिरत राहतात, त्यांना स्वतःला चार वाक्ये बोलायला कोणी सांगत नाही.

या सगळ्या प्रवासाकडे पाहता आजच्या वरपित्याने मुलाच्या पदव्या आणि बालपणीच्या खोड्या सांगण्यात आपला वेळ घालवावा, याला परंपरेत फारसा आधार नाही. त्याच्या वाट्याला आलेले जुने काम मुलीच्या आईबापांना धीर देण्याचे होते, आणि कन्यार्पणातल्या विनंतीला सुनेच्या देखत, तिच्या नावानिशी, स्वतःच्या मराठीत उत्तर देणे हे त्या कामातील पिढ्यान्‌पिढ्या राहून गेलेले वाक्य आहे. ज्या वरपित्याला लग्नात बोलण्याची संधी मिळेल, त्याने प्रथम ते वाक्य बोलावे.