स्वमग्न माणसाची पेन्शन : कलम 41 पासून टक्केवारीपर्यंत



आपल्या प्रत्येक वस्तीत तिशी-चाळिशीचा असा एक माणूस असतो, ज्याला सगळे 'येडा' नाहीतर 'मंद' म्हणतात. तो नजरेला नजर देत नाही. लग्नात बँड वाजला की कान दाबून पळतो, एकच प्रश्न वीस वेळा विचारतो, पण एसटीच्या गाड्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ असतात. शाळा चौथी-पाचवीत सुटली. निदान कधी झालेच नाही. आई आहे तोवर ताटात भाकरी आहे. आईनंतर काय, हे कोणी विचारत नाही. हा प्रश्न त्या घराचा खाजगी आहे असे आपण धरून चालतो. तो खाजगी नाही, राजकीय आहे. म्हणून त्याचा इतिहास पाहिला पाहिजे.

सुरुवात संविधानापासूनच करावी लागते. कलम 41 सांगते की बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या अवस्थांत नागरिकाला सरकारी साहाय्याचा हक्क मिळावा यासाठी राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार तरतूद करावी. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणजे त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. यावर टीका झाली तेव्हा, 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात, बाबासाहेबांनी उत्तर दिले होते: सत्ता हाती घेणाऱ्याला या तत्त्वांबद्दल कोर्टात जाब द्यावा लागणार नाही कदाचित, पण मतदारांपुढे नक्की द्यावा लागेल. आता गंमत बघा. कलम 15 आणि 16 मध्ये भेदभावाला मनाई करणाऱ्या कारणांत जात आहे, धर्म आहे, लिंग आहे. विकलांगता नाही. शिवाय सातव्या अनुसूचीत 'विकलांग व नोकरीस अक्षम व्यक्तींना साहाय्य' हा विषय राज्यसूचीत, नवव्या क्रमांकावर गेला. त्यामुळे पेन्शन किती आणि कोणाला, हे माणूस कोणत्या राज्यात जन्मला त्यावर ठरू लागले. आणि जाब विचारणारा मतदार? स्वमग्न माणसांचा मोर्चा कोणी काढला?

कायदा यायला 1995 उजाडले. त्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकार होते: अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. ऑटिझम नव्हता. नोकरीतले 3 टक्के आरक्षणही अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांच्यातच वाटलेले. पालकांच्या संघटनांच्या रेट्यानंतर 1999 मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा आला आणि स्वमग्नतेला प्रथमच कायद्यात नाव मिळाले. पण त्या कायद्याचा भर कायदेशीर पालकत्वावर होता. अठरा वर्षांवरच्या माणसाचा पालक कोण, हे ठरवणारी समिती त्याने दिली. पेन्शन दिली नाही, नोकरीतला वाटा दिला नाही.

मग मधली वर्षे लोकांनी काय केले? दाखल्यावर 'मतिमंद' लिहून घेतले. ज्याची बुद्धी चाचणीत बरी निघाली तो मतिमंदही ठरला नाही आणि स्वमग्न म्हणून त्याला रकानाच नव्हता. आम्ही तालुक्यांच्या ठिकाणी काम करतो तेव्हा असे जुने दाखले आजही हातात येतात. ते बदलून घ्या म्हटले की घरचे घाबरतात. आहे तेही जाईल!

भारताने 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला आणि त्याला सुसंगत कायदा 2016 मध्ये झाला. सातांचे एकवीस प्रकार झाले, त्यात स्वमग्नता आली. आरक्षण 4 टक्के झाले. त्यातला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून. हा टप्पा मोठा आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

पण हक्काच्या दारात टक्केवारी बसली. स्वमग्नता मोजायला 'इसा' ही भारतीय मापनश्रेणी वापरतात. चाळीस बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण, निरीक्षण आणि पालकांची मुलाखत. 70 गुणांपासून स्वमग्नता धरतात. मूल समोर असेल, आईबाप बोलते असतील तर हे जमते. चाळिशीच्या माणसाचे आईबाप वारलेले असतील तर त्याचे बालपण कोण सांगणार? आणि जो माणूस आयुष्यभर मार खाऊन खाऊन 'नीट वागायला' शिकला, त्याचे गुण कमी भरतात. मार खाल्ल्याची शिक्षा टक्केवारीतही!

इथे केंद्राची पेन्शन पाहा. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना 2009 ची. अट अशी की घर दारिद्र्यरेषेखाली हवे आणि विकलांगता 80 टक्के हवी. बोलता येणारा, स्वतःच्या हाताने जेवणारा स्वमग्न माणूस त्या आकड्याला सहसा पोचत नाही. नोकरीही त्याला कोणी देत नाही. म्हणजे कामाला अपात्र आणि पेन्शनलाही अपात्र. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत 40 टक्के पुरतात, हे बरे आहे. पण तिथे दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये. दिवसाला 137 रुपये होतात. आई धुणीभांडी करत असेल आणि तलाठ्याने खरे उत्पन्न लिहिले, तर अर्ज बाद. गरिबाला खोटे बोलायला लावणारी अट, आणि खोटे बोलला म्हणून त्यालाच चोर ठरवणारी व्यवस्था.

याचा आपल्याशी संबंध काय, असे काही कार्यकर्ते विचारतात. 2011 च्या जनगणनेत देशात दिव्यांगांचे प्रमाण 2.21 टक्के, अनुसूचित जातींत 2.45 टक्के. कुपोषण, घरची बाळंतपणे, गटारातली आणि खाणीतली कामे यांचा तो हिशोब आहे. स्वमग्नता अर्थात कुपोषणातून येत नाही, ती जन्मजात असते आणि बंगल्यातही असते. पण बंगल्यातल्या मुलाला तिसऱ्या वर्षी निदान आणि थेरपी मिळते, आपल्या मुलाला 'येडा' हे नाव मिळते. त्या जनगणनेत तर स्वमग्नतेचा वेगळा रकानाही नव्हता. जे मोजलेच नाही त्याच्यासाठी बजेट कुठून येणार?

आणि गेल्या जन्मीचे पाप! धर्मांतराला इतकी वर्षे झाली तरी आपल्याच घरांत अशा लेकराबद्दल हे वाक्य ऐकू येते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला, कारण तो माणसाच्या दुःखाची जबाबदारी समाजावरून उचलून त्याच माणसावर टाकतो. अस्पृश्यतेला जे तर्कशास्त्र लावले गेले तेच हे. 'दिव्यांग' शब्दातला दिव्यपणाही आम्हाला त्याच घराण्यातला वाटतो. पाप म्हणा नाहीतर दैवी देणगी, हक्काचा विषय दोन्हीत टळतो.

सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये आर्यन राज प्रकरणात बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला पात्रता परीक्षेत अनुसूचित जाती-जमातींइतकीच गुणांची सवलत दिली. दिव्यांगही सामाजिकदृष्ट्या मागास आहेत, ही दिल्ली उच्च न्यायालयाची भूमिका त्यात मान्य झाली. यात आपला वाटा गेला अशी कुजबुज तेव्हा झाली. ती चूक आहे. सवलत उत्तीर्ण गुणांची होती, जागांची नव्हती. दिव्यांग आरक्षण आडवे असते. आपला दिव्यांग उमेदवार आपल्याच प्रवर्गात मोजला जातो.

आता एक कलम तोंडपाठ करा: 2016 च्या कायद्याचे 24 वे. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त रक्कम मिळाली पाहिजे, असे ते सांगते. कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे. तरी महाराष्ट्रात विधवा, निराधार आणि दिव्यांग यांना सारखेच 1,500 रुपये मिळत राहिले. दिव्यांगांची रक्कम 2,500 करायचा निर्णय 2025 मध्ये झाला. केंद्राचा वाटा मात्र 2012 मध्ये 300 रुपये झाला, तो आजही महिना 300 रुपयेच आहे.