मुकादमाची वही आणि एचआरचा संगणक

गेल्या महिन्यात एका कारखान्यातल्या एचआर विभागाच्या तरुण मुला-मुलींसमोर बोलायला गेलो होतो. विषय होता ‘कामगार कायद्यांचे पालन’. हजेरीपत्रक, ओव्हरटाइम, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, कंत्राटी कामगारांच्या नोंदी, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती असे सगळे मी नेहमीच्या क्रमाने सांगितले. आयुष्याची तीस वर्षे या खात्यात गेल्यामुळे ते पाठच आहे. जेवणाची सुट्टी होणार, तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, “सर, नुसते नाव बघून एखादा अर्ज बाजूला ठेवला, तर कोणता कायदा मोडतो?”

सभागृहात शांतता पसरली. ती कुणाबद्दल विचारते आहे हे सगळ्यांना कळले होते, आणि व्यासपीठावर उभ्या माणसाचे नावही सगळ्यांना ठाऊक होते. मी तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिले. पण हा प्रश्न शंभर वर्षांचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, विसाव्या दशकाच्या अखेरीस घाटावरून मुंबईला आले आणि एका कापड गिरणीत साचेवाले झाले. तेव्हा गिरणीत एचआर नव्हते, मुकादम होता. इंग्रजीत त्याला जॉबर म्हणत. माणूस कामावर घ्यायचा, काढायचा, रजा द्यायची, खाडा लावायचा, मशीन बिघडले तर दुरुस्त करायचे हे सगळे तोच करी. नोकरी लावताना तो दस्तुरी घेई. अनेकदा व्याजाने पैसेही तोच देई आणि खोलीही तोच बघून देई. भरती कशी होई? सकाळी गिरणीच्या दरवाजावर बदली कामगारांची गर्दी असे आणि मुकादम त्यातून आपली माणसे उचली. आपली म्हणजे आपल्या गावची, आपल्या जातीची, आपल्या जमातीची. दादांना काम मिळाले, कारण मुकादम आमच्याच गावाकडचा होता.

हा किस्सा आमच्या घरात अभिमानाने सांगितला जाई. पुढे मी कामगार चळवळीचा इतिहास वाचू लागलो आणि त्याची दुसरी बाजू दिसली. मुंबईच्या गिरण्यांत साचा खात्यात, म्हणजे विणकाम विभागात, पगार चांगला होता. तिथे मराठे होते, उत्तरेतून येऊन मदनपुऱ्यात वसलेले मोमीन विणकर होते. पण दलित कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. कारण काय, तर धागा तुटला की तो तोंडाच्या थुंकीने ओला करून जोडावा लागे. अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला आपण कसे तोंड लावायचे, हा तो प्रश्न. १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला आणि विणकाम विभाग दलितांना खुला करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत यावी असा आग्रह धरला. कागदावर तसा कोणताही नियम नव्हता. ‘रिवाज’ होता आणि मुकादमाची वही होती.

म्हणजे दादांना जो साचा मिळाला, तो कुणाला तरी मुद्दाम मिळू दिला जात नव्हता. आज आपल्या मुलांवर अन्याय होतो असे म्हणताना हे आपण विसरू नये. ओळखीवर आणि जमातीवर चालणाऱ्या भरतीत कालचा लाभार्थी आजचा बळी होऊ शकतो.

हे मोडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १९३१ साली झाला. जे. एच. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने त्या वर्षी अहवाल दिला. ना. म. जोशी आणि दिवाण चमनलाल हे कामगार नेते त्याचे सदस्य होते. मुकादमाचा भरती-बडतर्फीचा अधिकार काढून घ्या आणि त्या जागी ‘लेबर ऑफिसर’ नेमा, असे आयोगाने सांगितले. हा अधिकारी थेट व्यवस्थापकाच्या हाताखाली असावा, तो सचोटीचा असावा, त्याला माणसे ओळखता यावीत आणि कामगारांच्या भाषा याव्यात, अशी अपेक्षा होती. आजचा एचआर अधिकारी या लेबर ऑफिसरचा वंशज आहे. नफा वाढवण्यासाठी नव्हे, तर माणसाची नोकरी कुणाच्या मर्जीवर राहू नये म्हणून हे पद सुचवले गेले.

१९३४ च्या मुंबई औद्योगिक कलह समेट कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला. कामगारांची तक्रार मालकापुढे मांडणे हे त्याचे काम. गिरणी मालक संघानेही आपला लेबर ऑफिसर नेमला आणि १९३५ पासून बदली कामगारांना कार्ड देण्याची योजना सुरू झाली. दरवाजावरच्या मर्जीऐवजी हातात कार्ड आले. मुकादम एका दिवसात संपला नाही. पण त्याच्या अधिकाराला कागदाची मर्यादा पडली.

मग अशा अधिकाऱ्यांना शिकवायचे कुणी? १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. आज ती देवनारला आहे. पण तिचा जन्म नागपाड्यात झाला, क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन समाजसेवकाने चालवलेल्या नागपाडा नेबरहूड हाऊसमध्ये. नागपाडा आणि मदनपुरा! ज्या गल्ल्यांतला पत्ता आज अर्जावर दिसला की काही जणांचा हात थबकतो, त्याच गल्ल्यांच्या शेजारी या देशातले समाजकार्याचे आणि कामगार कल्याणाचे व्यावसायिक शिक्षण सुरू झाले. हे आपल्या मुलांनाही ठाऊक नसते. पुढे १९४७ मध्ये मुंबई सरकारने परळला कामगार अभ्यासाची संस्था काढली. आज तिला नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आहे. लोखंडे म्हणजे १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साप्ताहिक सुट्टी मागणारे सत्यशोधक.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४९ व्या कलमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. पुढे लेबर ऑफिसरचा पर्सोनेल ऑफिसर झाला आणि पर्सोनेलचे एचआर झाले. नावासोबत कामही बदलत गेले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. बाई आहे म्हणून भरतीत डावलले, तर १९७६ च्या समान वेतन कायद्याने ते बेकायदा ठरवले होते. आज तीच तरतूद वेतन संहितेत आहे. २०१३ च्या कायद्याने तर लैंगिक छळाबाबत कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घेणे हे मालकाचे कर्तव्यच केले. अपंग व्यक्तींसाठी २०१६ चा कायदा आहे, एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा, तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा. हे कायदे खासगी आस्थापनांनाही लागू आहेत आणि ते योग्यच आहे. पण धर्म किंवा जात पाहून खासगी कंपनीने अर्ज बाजूला ठेवला, तर त्याला थेट मनाई करणारा सर्वसमावेशक कायदा देशात नाही. संविधानाचे १५ वे आणि १६ वे कलम प्रामुख्याने सरकारला बांधते. खासगी कंपनीच्या दरवाजाशी ते थांबते.

हा भेदभाव कल्पनेतला नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले गेले. पात्रता सारखी, फक्त नावे वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुलाखतीचे बोलावणे येण्याचे प्रमाण दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश होते, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश.

२०१५ मधली मुंबईची घटना अनेकांना आठवत असेल. एमबीए झालेल्या एका मुस्लिम तरुणाला हिरे निर्यात करणाऱ्या कंपनीकडून ईमेल आला, आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो. बोभाटा झाल्यावर कंपनीने सांगितले की ही एचआरमधल्या प्रशिक्षणार्थीची चूक आहे. खरे-खोटे बाजूला ठेवू. पण प्रशिक्षणार्थी हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याला काय शिकवले होते आणि काय शिकवले नव्हते? गुन्हा नोंदवताना पोलिसांना भारतीय दंड संहितेच्या १५३-ब या राष्ट्रीय एकात्मतेच्या कलमाकडे जावे लागले. नोकरीच्या कायद्यात नोकरीसाठीचे कलम नव्हते. याच प्रकरणातली आणखी एक बातमी जपून ठेवण्यासारखी आहे. त्या तरुणाच्या दोन हिंदू वर्गमित्रांची त्याच कंपनीत निवड झाली होती. त्यांनी नोकरी नाकारली.

त्या प्रशिक्षणार्थीवर दगड मारायला मात्र माझा हात उचलत नाही. नव्वदच्या दशकात मी एका कारखान्यात कनिष्ठ पर्सोनेल ऑफिसर होतो. दंगलीनंतरचे दिवस. साहेबांनी अर्जांचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, “त्या वस्तीतले बाजूला काढा, उगाच डोक्याला ताप नको.” मी बाजूला काढले. अकरा अर्ज होते, माझ्याच आडनावाचा एक होता. साहेबांनी धर्माचे नाव घेतले नव्हते, फक्त पत्ता सांगितला होता. मला कारखाने कायद्याची कलमे तोंडपाठ होती, पण हे करू नकोस असे सांगणारे कलम त्यात कुठेच नव्हते. घरी लहान मूल होते आणि नोकरी नवी होती. त्या दिवशी मी दादांचा मुकादम झालो, तोही आपल्याच माणसांविरुद्ध.

सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली. माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने २००८ मध्ये त्याचा आराखडाही दिला. तो आयोग अजून आलेला नाही. तोवर हातावर हात ठेवून बसायचे का? कायद्याने सक्ती नसली तरी काही गोष्टी कंपनी आजच करू शकते. पहिल्या चाळणीत नाव, फोटो आणि पत्ता झाकता येतो. अर्ज नाकारण्याचे कारण लेखी नोंदवता येते, कारण लिहावे लागले की हात थबकतो. लग्न, धर्म, मूळ गाव, खाणेपिणे यांवर मुलाखतीत प्रश्न विचारायचे नाहीत, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगता येते. अपंगांसाठी जे समान संधी धोरण लिहावे लागते, त्यात धर्म आणि जात हे दोन शब्द वाढवायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि आपल्या समाजातल्या कारखानदारांनी व दुकानदारांनी हीच पट्टी स्वतःलाही लावावी. आपल्या दरवाजावर कोण उभे राहू शकत नाही, हे त्यांनीही पाहावे.

त्या मुलीला मी दोन वाक्ये सांगितली होती. “कायद्याचे कलम मोडत नाही, बेटा. पण तुझे पद ज्यासाठी निर्माण झाले, ते कारण मोडते.” मग त्या अकरा अर्जांची गोष्ट सांगितली. तीस वर्षांत पहिल्यांदाच सांगितली. जेवणाची सुट्टी दहा मिनिटे उशिरा झाली, पण कुणी उठले नाही.