पाणपक्ष्यांच्या जुन्या याद्या : दख्खन आणि दक्षिण कोकण

शिरोळ तालुका इतिहासाच्या अभ्यासकास परिचित आहे तो नृसिंहवाडीचा कृष्णा-पंचगंगा संगम आणि खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर यांमुळे. पावसाळ्यात नद्या पात्राबाहेर आल्या, की येथील मळीच्या जमिनी पाण्याखाली जातात. पाणी ओसरल्यावर मागे राहिलेल्या डबक्यांच्या काठी मान आखडून निश्चल बसलेली ढोकरी हमखास आढळते. बसलेली असताना ती चिखलाहून वेगळी ओळखू येत नाही. उडताच तिचे शुभ्र पंख दिसतात. हीच ढोकरी कोकणातील खाड्यांच्या कांदळवनातही तितकीच सहज वावरते. देशावरील पाणथळ आणि समुद्रकाठची पाणथळ यांचा संबंध जोडणाऱ्या या सामान्य पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळाले ते १८३२ साली, कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडलेल्या दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत.

साइक्स हा पक्षितज्ज्ञ म्हणून नेमलेला नव्हता. १८२४ पासून तो मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी होता आणि दख्खनमधील चार कलेक्टोरेटांच्या परिस्थितीवरील त्याचा अहवाल पुढे १८३८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड हे ते चार विभाग होत. जमीन, पिके, लोकसंख्या आणि पर्जन्यमान यांची मोजदाद करीत असतानाच त्याने पक्षी गोळा केले. म्हणूनच त्याच्या 'दख्खन' या शब्दाचा अर्थ भूगोलापेक्षा महसुली कारभाराने अधिक ठरलेला आहे. कोल्हापूर व कुरुंदवाड येथील संस्थानी मुलूख या चार कलेक्टोरेटांत येत नव्हता. साइक्सच्या यादीत एखादा पक्षी नसेल, तर तो शिरोळच्या नदीकाठीही नव्हता असा निष्कर्ष काढणे म्हणजे संस्थानी मुलखात पाऊसच पडत नव्हता असे म्हणण्यासारखे आहे!

पन्नास वर्षांनंतर हे चित्र काहीसे पालटले. ॲलन ह्यूम याने १८७२ साली सुरू केलेल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकाने ठिकठिकाणच्या मुलकी व लष्करी अधिकाऱ्यांकडून याद्या मागविल्या. (राष्ट्रीय सभेच्या इतिहासात वाचकांना भेटतो तोच हा ह्यूम, शिमल्याच्या घरातून पक्ष्यांविषयीची त्याची हस्तलिखिते रद्दीत विकली गेल्यावर त्याने या विषयातून अंग काढून घेतले.) त्याच्या नवव्या खंडात दोन याद्या आल्या. मुलकी सेवेतील जी. डब्ल्यू. विडाल याची दक्षिण कोकणची यादी १८८० ची, आणि बटलर याची दख्खन व दक्षिण मराठा मुलखाची यादी १८८१ ची. शिरोळचा परिसर ज्या प्रदेशात मोडतो, त्याचे नाव अशा यादीच्या मथळ्यावर आले ते या वेळी. विडालने आपल्या यादीस 'पहिली' म्हटले, तर बटलरने 'तात्पुरती'. दोघांचाही हा विनय पुढील पिढ्यांनी फारसा लक्षात घेतलेला नाही.

विडालच्या यादीला विशेष मोल आहे, कारण ती किनाऱ्याची आहे. ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची पुळण, खाजण आणि कांदळवन या तिन्ही ठिकाणी पक्ष्यांची अन्नव्यवस्था वेगवेगळी असते. चिखल्या, तुतारी व कोरल हे हिवाळी पाहुणे चिखलातील किडे आणि शिंपले चोचीने टिपतात. सर्वांच्या चोची सारख्या लांबीच्या नसल्यामुळे एकाच पुळणीवर अनेक जाती परस्परांशी फारशी स्पर्धा न करता चरू शकतात. काकण, म्हणजे समुद्री गरुड, मात्र किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर घरटे बांधतो. उष्ण कटिबंधातील किनारी पाणथळींत आढळणाऱ्या जातिवैविध्याचे मर्म भरती-ओहोटीच्या या दैनंदिन हालचालीत आहे.

ही हालचालच बांधाने थांबते. खारे पाणी अडवून भातशेती करण्याची कोकणातील प्रथा जुनी आहे. तिला १९४८ च्या मुंबई खारभूमी अधिनियमाने आणि पुढे १९७९ च्या खारजमीन विकास अधिनियमाने कायद्याचे अधिष्ठान मिळाले. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो बांध म्हणजे वर्षाचे अन्न होय, आणि त्याची ही गरज खोटी म्हणता येत नाही. परंतु बांधाच्या आत पुळण उरत नाही. तुतारी शेजारच्या खाडीकडे वळते आणि ढोकरी भाताच्या खाचरात राहते. जिल्ह्याच्या यादीत मात्र दोन्ही नावे जशीच्या तशी टिकून राहतात, कारण यादी नावे मोजते, संख्या मोजत नाही. आशियाई पाणपक्षी गणनेसारखा नियमित संख्यात्मक उपक्रम १९८७ पासूनचा आहे. त्यापूर्वीची घट केवळ याद्यांच्या आधारे सिद्धही होत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

याच्या उलट उदाहरण ठाण्याच्या खाडीचे आहे. तेथे रोहित पक्षी मोठ्या संख्येने येऊ लागले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. २०१५ साली खाडीचा भाग अभयारण्य ठरला आणि २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. परंतु शहराच्या सांडपाण्याने वाढलेले शेवाळ हे या पक्ष्यांच्या आगमनाचे एक कारण असावे, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल, तर रोहितांच्या थव्यांवरून खाडीचे आरोग्य ठरविणे जुन्या यादीवरून पक्ष्यांची संख्या ठरविण्याइतकेच धोक्याचे आहे.

तेव्हा किनाऱ्यापुरते बोलायचे, तर विडालची यादी खारबांधांचे कागद, मिठागरांच्या नोंदी आणि जुने मोजणी-नकाशे यांच्या शेजारी ठेवूनच वाचली पाहिजे. शिरोळचा प्रश्न याहून निराळा आहे. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते १ मार्च १९४९ रोजी. त्यापूर्वीच्या पूर, मळी आणि शिकार यांच्या उल्लेखांचा शोध इंग्रजी याद्यांपेक्षा संस्थानी दप्तरांतील मोडी कागदांत घेणे अधिक सयुक्तिक ठरेल.