सोलापूर परिसरातील बौद्ध स्थळयात्रा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सोलापूर परिसरातील बौद्ध स्थळयात्रेचा इतिहास पंढरपूरपासून सुरू करावा लागतो, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. रमाबाई आंबेडकर यांना पंढरीची ओढ होती. परंतु अस्पृश्यांना विठ्ठलाचे दर्शन दुरूनच घ्यावे लागे. तेव्हा आपण दुसरी पंढरी निर्माण करू, अशा आशयाचे उत्तर बाबासाहेबांनी दिल्याची नोंद धनंजय कीर यांनी चरित्रात केली आहे. रमाबाईंचे निधन 27 मे 1935 रोजी झाले. मंदिर खुले झाले ते साने गुरुजींच्या मे 1947 मधील उपोषणानंतर. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि दुसऱ्या पंढरीला प्रत्यक्ष भूमी लाभली.

जपानमधील शिकोकू बेटावर 88 मंदिरांची सुमारे 1,200 किलोमीटरांची परिक्रमा आहे. यात्रेकरू ती पायी, बसने आणि आता सायकलनेही करतात. तेथे मंदिरांचा क्रम ठरलेला आहे. सोलापुरातून सायकलवर निघणाऱ्या गटाला असा आखीव क्रम मिळत नाही, आणि वाटेत मंदिरेही थोडीच. शहरात मिलिंदनगर येथे बाबासाहेबांच्या अस्थी असलेली प्रेरणाभूमी आहे. अक्कलकोट मार्गावरील वळसंग येथे तर तीर्थ म्हणजे एक विहीर! दलित वस्तीने स्वतःसाठी खोदलेल्या या विहिरीचे पाणी बाबासाहेबांनी 1937 मध्ये प्राशन केले. ज्यांना पाणवठाच नाकारला गेला, त्यांच्या लेखी विहिरीचे मोल देवळाहून कमी असण्याचे कारण नाही.

उत्तरेकडील बार्शीत 1924 मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली. त्यापुढे, तत्कालीन निजामी हद्दीतील कसबे तडवळे येथे 1941 मध्ये महार-मांग वतनदार परिषद झाली. या मुलखातून बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग जात असे. तो 1906 मध्ये पंढरपूरला व 1911 मध्ये लातूरला पोहोचला. वारकऱ्यांची सोय हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. परिषदांचा प्रदेशही त्यानेच जोडला, याची दखल फारशी घेतली जात नाही.

तडवळ्याजवळील तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले असून, तेथील माल गाड्यांनी भडोचला जाई. वारकरी तेरला जातात ते गोरा कुंभारांसाठी. आंबेडकरी यात्रेच्या वाटेत मात्र तेर अभावानेच येते आणि ही उणीव खटकते. कारण तेथील त्रिविक्रम मंदिराचा गाभा विटांचा, मागील बाजूस अर्धवर्तुळाकार व वर गजपृष्ठाकार छताचा आहे. हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो मूळचा बौद्ध चैत्य असल्याचे प्रतिपादन केले. पुढे उत्खननात गावात स्तूपाचे अवशेषही मिळाले. चैत्याच्या त्या विटांच्या आत आज विष्णूच्या त्रिविक्रम रूपाची पूजा चालते.