कागदावर कापलेली नडगी

उमेदीच्या काळात, शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी मी ट्रेसिंग पेपर, कात्री आणि कोनमापक घेऊन बसत असे. एक्स-रेवरून नडगीचं हाड कागदावर उतरवायचं, ठरल्या जागी कापायचं, एका कडेला जोड राखून कागद फिरवायचा आणि खुब्यापासून घोट्यापर्यंतची सरळ रेषा आता गुडघ्यातून कुठे जाते ते पाहायचं. फेंगड्या पायात ती आतल्या बाजूला सरकते, भार तिथेच पडत राहतो आणि कूर्चा झिजते.

ही रेषा मिकुलिच या शल्यविशारदाने 1878 साली मांडली, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या सतरा वर्षं आधी! गुडघ्याच्या झिजेवर नडगी कापण्याचा उपाय मात्र फार पुढचा. ब्रिटनमध्ये जॅक्सन आणि वॉ यांनी 1961 मध्ये आपले अनुभव छापले. 1965 मध्ये मेयो क्लिनिकच्या मार्क कॉव्हेंट्रींनी बाहेरच्या बाजूने पाचर काढून फट मिटवण्याची रीत मांडली. हा छेद सांध्याजवळचा; तिथलं हाड मऊ, भरपूर रक्त मिळणारं. ते लवकर जुळतं.

पण पाचर केवढी? एक मिलिमीटरला एक अंश, असा तोंडी हिशेब पुष्कळ वर्षं चालला. तो खरा ठरतो फक्त सुमारे 57 मिलिमीटर रुंद हाडाला. 75 मिलिमीटर रुंद हाडात दहा मिलिमीटरच्या पाचरीने साडेसात अंशच मिळतात. धिप्पाड माणसाचा पाय असा अर्धवट सरळ होऊन राहतो, आणि दुखणं परत येतं. हा हिशेब डोळे मिटून वापरणं मला कधीच पटलं नाही.

रेषा नेमकी कुठे न्यायची, याचं ठोस उत्तर जपानमधून आलं. फुजिसावा आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या 54 गुडघ्यांत दुर्बिणीने पाहिलं. ज्या गुडघ्यांत रेषा मध्यापासून बाहेरच्या अर्ध्या भागात 30 ते 40 टक्के अंतरावर गेली, त्यांत झिजलेली जागा भरून येताना दिसली. हे 1979 साली छापून आलं. आता कागदाऐवजी संगणक आहे. मोजायची रेषा तीच.

माझे बहुतेक रुग्ण शेतकरी. खुरपणीला उकिडवं बसायचं, जेवताना मांडी घालायची. म्हणून कृत्रिम सांध्यापेक्षा त्यांचा स्वतःचा सांधा टिकवणं मला मोलाचं वाटे.

तुमच्या घरी कुणाची ही शस्त्रक्रिया ठरत असेल, तर डॉक्टरांना आधी दोन गोष्टी विचारा: उभं राहून, खुब्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा एक्स-रे काढला का? आणि किती अंश फिरवणार?